माया किती सोडायची? : किरणोपचाराच्या सव्वाशे वर्षांची गोष्ट

आमच्या काष्टीत आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर किरणोपचाराला किरणोपचार म्हणणारं माणूस मला अजून भेटलेलं नाही. "लाईट घेतोय", "शेक चालू आहे" असंच ऐकू येतं. उर्दूत त्याला 'शुआई इलाज' असा नेमका शब्द आहे, 'शुआ' म्हणजे किरण. पण तो पुस्तकात राहिला. घरात बोलताना तिथेही 'लाईट'च. लाईट म्हणा की शेक म्हणा, मनातली समजूत एकच असते. कसली तरी आग आहे, ती अंगावर सोडतात, रोगही जळतो आणि माणूसही जळतो.

ही भीती खोटी नाही, जुनी आहे. किरणोपचाराच्या पहिल्या कित्येक दशकांचा अनुभव तसाच होता. गेल्या तीस-चाळीस वर्षांत मात्र या उपचाराचं रूप पार पालटलं आहे. त्या बदलात मुंबईतल्या परळचाही मोठा हात आहे, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं. मी डॉक्टर नाही. उर्दू आणि मराठी शिकवणारी शिक्षिका आहे. गावात कुणाच्या हाती दवाखान्याची फाईल आली की ती वाचून घ्यायला माणसं माझ्याकडे येतात, एवढाच या विषयाशी माझा संबंध. इलाज सांगणं माझं काम नाही. पण एखादा शब्द कुठून आला आणि त्यामागे काय घडलं, हे सांगणं माझं कामच आहे.

शब्दांपासूनच सुरुवात करू. अरबी-उर्दूत या रोगाला 'सरतान' म्हणतात. सरतान म्हणजे खेकडा. आपल्या 'कर्करोगा'तला 'कर्क' म्हणजेही खेकडा, आणि प्राचीन ग्रीक वैद्यांनी दिलेलं 'कार्किनोस' हे नावही खेकड्याचंच. एवढ्या वेगवेगळ्या भाषांना एकच प्राणी आठवला, कारण गाठीच्या मध्यापासून चहूकडे फुटलेल्या शिरा त्यांना खेकड्याच्या नांग्यांसारख्या दिसल्या. खेकडा कुठे संपतो आणि चांगलं मांस कुठे सुरू होतं, हेच ओळखू येत नाही. या रोगाची खरी अडचण त्या एका नावात आली आहे.

दहाव्या शतकात स्पेनमधल्या कोर्दोबाजवळ राहणारे हकीम अबुल कासिम अल-झहरावी यांनी 'अल-तसरीफ' नावाचा मोठा वैद्यकग्रंथ लिहिला. त्यात ते या रोगाबद्दल फार प्रामाणिकपणे बोलतात. गाठ लहान असेल, नुकती आलेली असेल आणि अशा जागी असेल की ती मुळासकट, भोवतालच्या भागासह काढता येईल, तर काढा. जुनी आणि मोठी झाली असेल तर हात लावू नका. तशी गाठ आपल्या हातून बरी झाली नाही आणि दुसऱ्या कुणी बरी केल्याचंही पाहिलं नाही, अशी त्यांची कबुली आहे. भोवतालच्या भागासह, हे त्यातलं महत्त्वाचं. किती भोवतालच्या? या एका प्रश्नाभोवती पुढची हजार वर्षं फिरतात.

शिवणकाम करणाऱ्या बाईला हा प्रश्न लगेच कळेल. कापड बेतताना आपण मापाच्या बाहेर थोडं कापड जास्त ठेवतो. त्याला 'माया' म्हणतात. माप चुकलं, अंग भरलं, तर ती माया उसवून सोडता येते. किरणोपचारातही डॉक्टर गाठीच्या भोवती अशीच माया सोडतात. गाठ जिथे दिसते तिच्या पलीकडचाही थोडा भाग किरणांच्या मापात धरतात, म्हणजे गाठ जरा सरकली तरी निसटणार नाही. फरक एवढाच, की ब्लाऊजमधली माया कुणाला बोचत नाही आणि किरणोपचारातली माया म्हणजे निरोगी आतडं, निरोगी मूत्राशय, लाळेची निरोगी ग्रंथी. तिलाही किरण लागतात. कमी माया सोडली तर रोग सुटेल, जास्त सोडली तर माणूस होरपळेल. किरणोपचाराचा इतिहास म्हणजे ही माया कमी करत नेण्याचा इतिहास आहे.

न दिसणारी आग

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतल्या व्युर्झबुर्ग शहरात विल्हेल्म राँटगेन यांना एक अनोळखी किरण सापडला. काय आहे ते कळेना, म्हणून त्यांनी त्याला गणितातल्या अज्ञात संख्येचं नाव दिलं, एक्स. डिसेंबरमध्ये त्यांनी पत्नीच्या हाताचं छायाचित्र घेतलं. बोटांची हाडं आणि बोटातली अंगठी दोन्ही त्यात उमटली. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये आंरी बेकरेल यांना युरेनियममधून आपोआप निघणारे किरण दिसले आणि १८९८ मध्ये मारी आणि पिएर क्युरी यांनी रेडियम शोधलं.

हे किरण कातडी जाळतात, हे फार लवकर लक्षात आलं. १९०१ मध्ये बेकरेल यांनी रेडियमची कुपी कोटाच्या खिशात ठेवली आणि त्या जागी अंगाला जखम झाली. पिएर क्युरींनी तर मुद्दाम स्वतःच्या दंडावर रेडियम बांधून जखम करून घेतली. जे निरोगी कातडी जाळतं ते गाठही जाळेल, असा विचार पुढे आला. शिकागोच्या एमिल ग्रुबे यांनी आपण १८९६ च्या जानेवारीतच एका बाईच्या स्तनाच्या गाठीवर एक्स-किरण वापरल्याचं पुढे सांगितलं.

किरण किती सोडायचा, कुठे थांबायचं, याचं माप मात्र कुणाकडे नव्हतं. डॉक्टर आपल्या हातावर किरण पाडून यंत्र चालू आहे की नाही हे बघत. अनेकांनी बोटं गमावली, अनेक वारले. जर्मनीतल्या हांबुर्गच्या एका रुग्णालयाच्या आवारात १९३६ मध्ये अशा लोकांच्या स्मरणार्थ स्तंभ उभारला गेला, त्यावर सुरुवातीला १६९ नावं होती. आपल्या 'शेक' शब्दातली भीती तिथून आलेली आहे.

मेंढा आणि हप्ते

यानंतरचा मोठा टप्पा एका मेंढ्यामुळे आला. आमच्या जनावरांच्या बाजारातल्या कुठल्याही मेंढपाळाला हा प्रयोग लगेच समजेल. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात पॅरिसमध्ये क्लोद रेगो आणि त्यांचे सहकारी मेंढ्याची प्रजननक्षमता किरणांनी थांबवता येते का हे बघत होते. एकाच वेळी मोठा डोस दिला तर वरची कातडी भाजायची. तोच डोस थोडा थोडा, काही दिवसांत विभागून दिला तर काम व्हायचं आणि कातडी बरीचशी शाबूत राहायची.

रेगोंनी यातून ताडलं की अंडकोषातल्या भराभर वाढणाऱ्या पेशी या कर्करोगाच्या पेशींसारख्या आहेत आणि वरची कातडी ही निरोगी शरीरासारखी. आज आपल्याला त्याचं कारण सांगता येतं. किरण पेशीच्या आतला डीएनएचा धागा तोडतात. निरोगी पेशीला मधे वेळ मिळाला तर ती तो धागा सांधून घेते. कर्करोगाच्या पेशीला हे काम तितकं नीट जमत नाही. म्हणून डोस हप्त्यांत द्यायचा. त्याच संस्थेतल्या आंरी कुतार यांनी घशाच्या रुग्णांवर ही पद्धत वापरून दाखवली. आज गावात आपण ऐकतो ना, "पंचवीस लाईट सांगितल्यात", "तेहेतीस सांगितल्यात", त्या आकड्यांची सुरुवात ही अशी आहे.

हप्त्यांनी निरोगी शरीराला वाचवलं, पण एक नवा पेच तयार केला. इलाज एका दिवसाचा असता तर गाठ आज जिथे आहे तिथेच मारून मोकळं होता आलं असतं. आता तो पाच-सात आठवडे चालणार. एवढ्या दिवसांत माणूस तोच राहतो का? तो बारीक होतो, त्याचं पोट भरलेलं असतं किंवा रिकामं असतं, गाठ विरघळते, जागा बदलते. किरण मात्र पहिल्या दिवशीच्या मापावर रोज पडत राहतात. हा पेच सुटायला जवळजवळ पाऊण शतक लागलं.

परळचा दवाखाना

दरम्यान आपल्याकडे काय चाललं होतं? १९३१ मध्ये सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. दुसऱ्या वर्षी दोराबजीही गेले. त्यांच्या मागे राहिलेल्या ट्रस्टने परळमध्ये कर्करोगाचं रुग्णालय बांधलं आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल सुरू झालं. मेहेरबाई माहेरच्या भाभा. अणुशास्त्रज्ञ होमी भाभांच्या त्या सख्ख्या आत्या. १९६२ मध्ये हे रुग्णालय केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे आलं आणि त्या विभागाचे प्रमुख होते होमी भाभा. अणू म्हटला की आपल्याला बॉम्ब आठवतो. त्याच खात्यातून आपल्या गोरगरिबांचा कर्करोगाचा इलाज चालतो, ही गोष्ट मी वर्गात मुलांना आवर्जून सांगते.

जगात तेव्हा कोबाल्टचा जमाना सुरू झाला होता. १९५१ च्या ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्ये कॅनडातल्या लंडन आणि सास्काटून या दोन शहरांत पाठोपाठ कोबाल्ट-६० च्या यंत्रावर रुग्णांचा इलाज झाला. या यंत्राचे किरण कातडी फारशी न भाजता खोलवर पोचत. पाठोपाठ १९५३ मध्ये ब्रिटनमध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात विजेवर चालणारं रेषीय त्वरक यंत्र, म्हणजे आज ज्याला सगळे लिनॅक म्हणतात ते, रुग्णांसाठी वापरात आलं. कोबाल्ट यंत्र साधं, दणकट आणि विजेच्या लपंडावाला पुरून उरणारं, म्हणून आपल्यासारख्या देशांत ते खूप वर्षं चाललं. भाभा अणुसंशोधन केंद्राने पुढे स्वतःचं कोबाल्ट यंत्र घडवलं, त्याचं नाव भाभाट्रॉन. पहिलं यंत्र या शतकाच्या पहिल्या दशकात नवी मुंबईत खारघरच्या टाटाच्याच केंद्रात बसलं. नंतर भारताने असं यंत्र व्हिएतनामलाही भेट दिलं.

पण या सगळ्या यंत्रांना आतलं दिसत नव्हतं. डॉक्टर साध्या एक्स-रेवर हाडं बघून अंदाज बांधत, कातडीवर शाईच्या खुणा करत आणि चारी बाजूंनी चौकोनी किरण सोडत. दिसत नाही म्हटल्यावर माया मोठी सोडावीच लागे. १९७१ मध्ये गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या सीटी स्कॅन यंत्रावर पहिल्या रुग्णाचा मेंदू तपासला गेला आणि शरीराचे आडवे काप पडद्यावर दिसू लागले. मग चकत्यांमागून चकत्या रचून गाठीचं पूर्ण रूप मांडता येऊ लागलं. पुढे यंत्राच्या तोंडाशी धातूच्या बारीक सरकत्या पट्ट्या आल्या. त्यांच्यामुळे किरणांना गाठीच्या आकाराप्रमाणे वळण देता येऊ लागलं, कुठे दाट आणि कुठे विरळ सोडता येऊ लागलं. १९९० च्या दशकात ही पद्धत रुजली. फाईलवर 'आयएमआरटी' लिहिलेलं असतं ते हेच.

शरीर रोज तेच नसतं

किरण नेमके झाले, तसा जुना पेच उघडा पडला. नेम जितका बारीक तितकं निशाण हललेलं महागात पडतं. पहिल्या दिवशीच्या स्कॅनवर बेतलेला अंगरखा विसाव्या दिवशी अंगाला बसत नाही.

तंबाखू, मिश्री, गुटख्याने होणारे तोंडाचे आणि घशाचे कर्करोग आपल्याकडे घरोघरी पाहायला मिळतात. या रुग्णाचं डोकं हलू नये म्हणून त्याच्या चेहऱ्याच्या मापाचा जाळीदार मुखवटा करतात. तोंड आल्यामुळे जेवण जात नाही, वजन उतरतं आणि महिनाभरात तोच मुखवटा सैल होतो. आत गाठही आक्रसलेली असते आणि लाळेच्या ग्रंथी लहान होऊन आतल्या बाजूला, नेमक्या किरणांच्या वाटेत सरकलेल्या असतात. जुन्या मापाने इलाज चालूच ठेवला तर तोंड कायमचं कोरडं पडण्याची भीती. कोरड्या तोंडाने भाकरी गिळून बघा, म्हणजे त्याचा अर्थ कळेल.

१९९७ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या विल्यम बोमाँट रुग्णालयातले डी यान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नावर एक विचार नीट मांडला. पहिल्या दिवशीचं माप शेवटचं मानू नका. इलाज चालू असताना पुन्हा पुन्हा पाहा, या माणसाचं शरीर किती आणि कसं हलतं हे त्याच्याच चित्रांवरून शिका आणि त्याप्रमाणे योजना बदला. सगळ्यांसाठी एकच मोठी माया नको, ज्याची त्याला बेताची माया. याच रुग्णालयात डेव्हिड जॅफ्रे आणि सहकाऱ्यांनी लिनॅकवरच स्कॅन घेण्याची सोय घडवली. रुग्ण किरणांच्या टेबलावर झोपला की तिथेच त्याचं आतलं चित्र दिसायचं. चित्र पाहून किरण देणं आणि बदलत्या शरीराप्रमाणे इलाज बदलणं या दोन गोष्टी अशा एकत्र आल्या. मराठीत याला अजून सर्वमान्य शब्द नाही. मी तरी 'रोज माप घेऊन केलेला किरणोपचार' असं म्हणते.

आता परळकडे परत येऊ. मूत्राशयाचा कर्करोग हे या पेचाचं सगळ्यात अवघड उदाहरण, कारण मूत्राशय ही फुगणारी पिशवी आहे. आज लिंबाएवढी, उद्या मोसंबीएवढी. टाटा मेमोरियलच्या डॉ. वेदांग मूर्ती आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये आपली पद्धत प्रसिद्ध केली. एका रुग्णासाठी एक योजना करायची नाही, सहा करायच्या. पहिलीत माया सर्वांत कमी, पाच मिलिमीटर. पुढे पाच-पाच मिलिमीटरने वाढत सहावीत तीस. रोज टेबलावर स्कॅन घ्यायचा, आज पिशवी केवढी आहे हे बघायचं आणि सहांपैकी तिला बसेल ती सर्वांत लहान योजना त्या दिवसापुरती वापरायची. म्हणजे शिंप्याने एकाच गिऱ्हाइकासाठी सहा मापांचे अंगरखे शिवून ठेवायचे आणि रोज अंगाला बसेल तो द्यायचा. २०१६ मध्ये त्यांनी अशा ४४ रुग्णांचे निष्कर्ष मांडले. त्यांतल्या बहुतेकांचं मूत्राशय काढावं लागलं नाही. पोटाला लघवीची पिशवी लावून जगायचं की नाही, एवढा फरक त्या रोजच्या मापाने पडला.

दुसरं उदाहरण बायकांचं आहे आणि मला ते जास्त जवळचं वाटतं. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगात काही बायकांना गर्भाशय काढल्यावर किरण द्यावे लागतात. गर्भाशय गेलं की त्या रिकाम्या जागेत आतडी उतरतात आणि किरणांच्या वाटेत येतात. डॉ. सुप्रिया चोप्रा आणि टाटाच्या इतर डॉक्टरांनी २०११ ते २०१९ या काळात अशा ३०० बायकांची चाचणी केली. निम्म्यांना नेहमीच्या पद्धतीचे किरण आणि निम्म्यांना रोज चित्र पाहून आतडी वाचवत दिलेले नेमके किरण. तीन वर्षांच्या हिशोबात आतड्याचा मध्यम किंवा गंभीर त्रास पहिल्या गटात ४२.४ टक्के होता, दुसऱ्या गटात २१.१ टक्के, म्हणजे निम्मा. रोग परतण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. म्हणजे माया कमी केली म्हणून रोग सुटला नाही.

आतड्याचा त्रास हा शब्द कागदावर लहान दिसतो. ऊसतोडीला जाणाऱ्या, एसटीने तालुक्याला जाणाऱ्या, संडास नसलेल्या वस्तीवर राहणाऱ्या बाईला दिवसातून आठ-दहा वेळा पळावं लागलं तर तिचं काम सुटतं, लग्नकार्य सुटतं, नमाजची सफ सुटते. ती कुणाला सांगत नाही. रोग बरा झाला, पण बाई घरात कोंडली गेली, असं होतं. रोज चित्र काढणं हे श्रीमंत देशांचे लाड नाहीत, हे या चाचणीने आपल्याच बायकांच्या शरीरावर सिद्ध केलं आणि जगाने ते मान्य केलं.

तिसरं काम अनेक देशांनी मिळून केलं. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगात बाहेरून किरण दिल्यावर शेवटी आत नळी बसवून जवळून किरण देतात. ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नाचे रिचर्ड पॉटर यांच्या पुढाकाराने २००८ मध्ये 'एम्ब्रेस' नावाचा अभ्यास सुरू झाला. त्यात नळी बसवल्यावर एमआरआय काढून, आतापर्यंत विरघळून उरलेली गाठ केवढी आहे हे बघून त्या मापाने डोस ठरवत. टाटा मेमोरियलचे डॉ. उमेश महांतशेट्टी या अभ्यासात होते. २०२१ मध्ये १३४१ बायकांचे निष्कर्ष आले. पाच वर्षांनी ९२ टक्के बायकांमध्ये मूळ जागी रोग आटोक्यात होता.

पाणी पिऊन बसणं

आमच्या मोहल्ल्यातल्या एका खालांचा हाच इलाज मुंबईत झाला. दौंडहून गाडी धरून त्या मुलाबरोबर गेल्या, सहा आठवडे तिथेच राहिल्या. त्या काळात फोनवर त्यांनी मला विचारलं होतं, "बेटा, ये रोज रोज फोटू कायकू निकालते? एक बार निकाले ना?" मी त्यांना शिंप्याचीच गोष्ट सांगितली. रोज माप का घेतात ते त्यांना पटलं, कारण त्यांनी आयुष्यभर शिवणकाम केलं आहे.

दुसरा प्रश्न जास्त अवघड होता. रोज किरणांआधी ठरलेलं पाणी पिऊन, लघवी न करता बसायला सांगतात. मूत्राशय भरलं की ते आतड्यांना वर ढकलतं आणि आतडी किरणांच्या वाटेतून दूर होतात. म्हणजे रोजचं ते पाणी हाही इलाजाचाच भाग आहे. मधेच रमजान आला. "रोजे में पानी कैसा पियूं?" खाला म्हणाल्या. त्या लहानपणापासून एकही रोजा न सोडलेल्या. आजारी माणसाने रोजे पुढे, बरं झाल्यावर पूर्ण करावेत ही सवलत कुरआनात सूरह बकराहमध्ये स्पष्ट आहे. आमच्या इमामसाहेबांनीही त्यांना फोनवर तेच सांगितलं. खालांनी पाणी प्यायलं आणि हप्ते पूर्ण केले. हे इथे मुद्दाम लिहिते, कारण रमजानात इलाज पुढे ढकलणारी किंवा पाणी प्यायलो असं खोटं सांगून टेबलावर झोपणारी माणसं आहेत. ती डॉक्टरांची नाही, आपल्या आतड्यांची फसवणूक आहे.

मधेच इलाज सोडणं त्याहून वाईट. रेगोंच्या मेंढ्याचा धडा उलट्या बाजूनेही खरा आहे. हप्ते चुकले की सांधून घ्यायला वेळ फक्त निरोगी पेशींना मिळत नाही, रोगाच्या पेशीही त्या वेळात वाढतात.

आता पुढे

२०१७ मध्ये नेदरलँड्समधल्या युट्रेख्ट इथे एमआरआय आणि लिनॅक एकत्र असलेल्या नव्या जातीच्या यंत्रावर रुग्णांचा इलाज सुरू झाला. २०१९ मध्ये डेन्मार्कमध्ये असं यंत्र वापरात आलं, ज्यात रुग्ण टेबलावर झोपलेला असतानाच संगणक त्या दिवशीचे अवयव रेखाटतो, डॉक्टर ते तपासतात आणि काही मिनिटांत त्या दिवसाची नवी योजना तयार होते. सहांतला एक अंगरखा निवडायचा नाही, रोज नवा शिवायचा. ही यंत्रं आता भारतातल्या मोठ्या शहरांत येऊ लागली आहेत.

पण काष्टीच्या माणसासाठी प्रश्न यंत्र केवढं हुशार आहे एवढाच नाही. ते किती लांब आहे, हाही आहे. पंचवीस हप्ते म्हणजे साधारण पाच आठवडे परगावी राहणं, कुणीतरी सोबत, घरची जनावरं शेजाऱ्याच्या भरवशावर. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत किरणोपचाराचा खर्च बसतो, पण बुडालेली रोजंदारी बसत नाही. दादरची गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा टाटात येणाऱ्या रुग्णांना कुठल्याही जातीधर्माचा विचार न करता आसरा देते, म्हणून अनेकांचे हप्ते पूर्ण होतात. रोज चित्र काढण्याचं विज्ञान परळमध्ये सिद्ध झालं ते या माणसांच्या बळावर. ती रोज टेबलावर येऊन झोपली, म्हणूनच रोज माप घेता आलं.

आणखी एक नजर आहे, ती यंत्राच्या आधीची. आपल्या जिल्ह्याला लागून सोलापूर जिल्हा. तिथे बार्शीला डॉ. बी. एम. नेने यांनी उभं केलेलं कर्करोग रुग्णालय आहे. ते अभिनेत्री नर्गिस यांच्या नावाने ओळखलं जातं. नर्गिस १९८१ मध्ये कर्करोगाने गेल्या. बार्शीत १९८७ मध्ये ग्रामीण भागातल्या कर्करोगाची नोंदवही सुरू झाली, देशातली अशी पहिली. कार्यकर्ते गावोगाव जाऊन बायकांशी बोलले, अंगावरून रक्त जाणं लपवू नका म्हणाले, आणि काही वर्षांत बायका रोगाच्या आधीच्या टप्प्यावर दवाखान्यात येऊ लागल्या. नंतर शेजारच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ बायकांवर मोठा अभ्यास झाला. २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. आयुष्यात एकदाच एचपीव्ही विषाणूची तपासणी केलेल्या गटात पुढच्या आठ वर्षांत या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले.

झहरावींनी लिहिलं होतं, लहान असेल तर काढा, मोठी झाली तर माझा इलाज नाही. सव्वाशे वर्षांच्या किरणोपचाराने त्यांच्या वाक्याचा दुसरा भाग बराच खोडून काढला. मोठ्या झालेल्या गाठींवरही आज इलाज आहे आणि तो पूर्वीइतका होरपळवणारा राहिलेला नाही. पहिला भाग मात्र आजही जसाच्या तसा खरा आहे. गाठ लहान असतानाच दिसली, तर माया सोडायची वेळ कमी येते.

म्हणून दोनच गोष्टी सांगते. घरात तिशीच्या पुढच्या बायका असतील तर जवळच्या सरकारी दवाखान्यात गर्भाशयाच्या मुखाची तपासणी कधी होते ते विचारा आणि त्यांना घेऊन जा. लाजेने थांबू नका. आणि कुणाला लाईट सांगितली असेल तर डॉक्टरांना न घाबरता एवढं विचारा : रोज चित्र काढणार का, मला पाणी किती प्यायचं आहे, मधे वजन उतरलं तर पुन्हा माप घेणार का? हे प्रश्न विचारायला शिक्षण लागत नाही. ब्लाऊज शिवायला टाकताना आपण शिंप्याला याहून जास्त प्रश्न विचारतो.